एकच रिमोट घ्यायचाय? मग आधी ‘हार्मनी’चं काय झालं ते वाचा

टीपॉयवर पाच रिमोट पडलेले असतात. एक टीव्हीचा, एक सेट-टॉप बॉक्सचा, एक साउंडबारचा, एक फायर टीव्ही स्टिकचा. पाचवा कशाचा, हे घरात एकाच माणसाला माहीत असतं. तो बाहेरगावी गेला की त्याला फोन येतो, “चित्र दिसतंय, पण आवाज नाही. आता कोणतं बटण दाबू?”

या सगळ्यांच्या जागी एकच रिमोट असावा, त्यावर ‘सिनेमा बघायचाय’ असं एक बटण असावं आणि ते दाबलं की बाकीचं आपोआप व्हावं, ही इच्छा काही नवी नाही. ॲपलचा सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्नियॅक याने १९८५ मध्ये ॲपलमधून बाहेर पडून जी कंपनी काढली, तिने १९८७ मध्ये आणलेली वस्तू हीच होती. प्रोग्राम करता येणारा युनिव्हर्सल रिमोट. तो फारसा चालला नाही. कॉम्प्युटरवाल्याने बनवलेला तो रिमोट लावून द्यायलाही घरात कॉम्प्युटरवालाच लागत होता.

पुढे या प्रश्नाला अमेरिका, कॅनडा आणि युरोपात एक ठरलेलं उत्तर मिळालं. लॉजिटेक हार्मनी. होम थिएटर बसवलं की लोक डोळे झाकून हार्मनी घ्यायचे. त्याचं सगळ्यात भारी मॉडेल ३५० डॉलरला मिळायचं, तरी घ्यायचे. एप्रिल २०२१ मध्ये लॉजिटेकने जाहीर केलं की आता हार्मनी बनवणार नाही. तेव्हापासून “कोणता युनिव्हर्सल रिमोट घेऊ?” या प्रश्नाला सरळ उत्तर उरलेलं नाही.

हार्मनी वाईट होता म्हणून बंद पडला, असं नाही. तो बंद का झाला आणि बंद झाल्यावर काय उघड झालं, हे समजलं तर आज रिमोट घेताना काय बघायचं ते बरंचसं कळतं.

रिमोट नेमकं काय बोलतो?

बहुतेक रिमोटच्या टोकाला एक छोटा दिवा असतो. तो इन्फ्रारेड प्रकाश टाकतो, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर रिमोट धरून बटण दाबलं तर पडद्यावर तो दिवा जांभळट लुकलुकताना दिसतो. रिमोट बिघडलाय की सेल गेलेत, हे तपासायची ही फुकटातली युक्ती.

हा दिवा साधारण सेकंदाला ३८ हजार वेळा लुकलुकतो. काही कंपन्या ३६ हजार वापरतात, सोनी ४० हजार. या लुकलुकण्याचे लहानमोठे तुकडे करून एक आकडा पाठवला जातो. त्यात दोन गोष्टी असतात. हा निरोप कोणत्या उपकरणासाठी आहे आणि त्याने काय करायचं आहे.

गोम पुढे आहे. हे बोलणं एकतर्फी असतं. रिमोट निरोप टाकतो आणि मोकळा होतो. टीव्हीकडून “मिळालं” असं उत्तर येत नाही. टीव्ही चालू आहे की बंद, हे रिमोटला कधीच कळत नाही.

साध्या रिमोटला याने काही फरक पडत नाही, कारण समोर माणूस बसलेला असतो. टीव्ही लागला नाही तर तो पुन्हा बटण दाबतो. पण एका बटणावर चार उपकरणं चालू करायची म्हटली की इथेच गाडी अडते. बहुतेक उपकरणांना चालू करायचं आणि बंद करायचं बटण एकच असतं. समजा साउंडबार आधीच चालू आहे. तुम्ही ‘सिनेमा’ दाबलंत. टीव्ही चालू झाला आणि साउंडबार बंद! पुन्हा दाबलंत तर आता टीव्ही बंद, साउंडबार चालू. असं रात्रभर करत बसता येतं.

हार्मनीने काय वेगळं केलं?

हार्मनी मुळात लॉजिटेकचा नव्हता. तो कॅनडातल्या मिसिसॉगा शहरातल्या इन्ट्रिग टेक्नॉलॉजीज या कंपनीचा. लॉजिटेकने २००४ मध्ये ही कंपनी २ कोटी ९० लाख डॉलरना विकत घेतली.

त्यांची कल्पना साधी होती. उपकरणं बोलत नाहीत ना, मग रिमोटनेच लक्षात ठेवायचं. मी मघाशी टीव्ही चालू केला होता, साउंडबारही केला होता, म्हणजे आता ‘गाणी ऐकायचीत’ दाबलं तर फक्त टीव्ही बंद करायचा, साउंडबारला हात लावायचा नाही. अशा हिशेबावर हार्मनी चालायचा. हिशेब चुकला, म्हणजे मध्येच कुणी उठून टीव्हीचं बटण हाताने दाबलं, तर मदतीचं बटण होतं. ते दाबलं की रिमोटच्या पडद्यावर प्रश्न यायचा, टीव्ही चालू आहे का? हो किंवा नाही सांगायचं. मग तो पुढचं विचारायचा. जे घरातल्या एकाच माणसाला माहीत असायचं, ते रिमोटला माहीत झालं होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे कोडची यादी. तुम्ही फक्त उपकरणाची कंपनी आणि मॉडेल नंबर टाकायचा. त्याचे सगळे कोड, ते चालू व्हायला किती सेकंद लागतात, इनपुट बदलायची पद्धत काय, हे सगळं लॉजिटेककडे तयार असायचं. जगभरातल्या लाखो मॉडेलची ही यादी हीच हार्मनीची खरी दौलत होती.

आणि ही दौलत रिमोटमध्ये नव्हती. ती लॉजिटेकच्या सर्व्हरवर होती. रिमोट लावायचा तर खातं उघडायचं, इंटरनेटवरून सेटिंग करायची, ती रिमोटमध्ये उतरवायची. एकदा उतरवली की रोजची बटणं इंटरनेटशिवायही चालायची. पण टीव्ही बदलला, नवा प्लेअर आणला, की पुन्हा सर्व्हरच्या दारात.

मग कुठे बिनसलं?

पहिला दणका २०१७ मध्ये बसला. हार्मनी लिंक नावाची एक डबी २०११ मध्ये आली होती. तिच्यामुळे मोबाइलवरून घरातली इन्फ्रारेड उपकरणं चालवता यायची. नोव्हेंबर २०१७ मध्ये मालकांना कळवण्यात आलं की १६ मार्च २०१८ पासून ही डबी चालणार नाही. डबी बिघडलेली नव्हती. तिला लागणाऱ्या एका सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपत होती आणि कंपनीला ते पुढे चालवायचं नव्हतं. वॉरंटी संपलेल्यांना सुरुवातीला नव्या हबवर सूट देऊ केली गेली. लोक भडकले, तेव्हा लॉजिटेकने सगळ्यांनाच नवा हब फुकट द्यायचं ठरवलं.

दुसरा प्रसंग वर्षभरातच घडला. डिसेंबर २०१८ मध्ये हार्मनी हबला एक अपडेट आला आणि हबशी घरातल्या घरात बोलायचा एक मार्ग बंद झाला. हा मार्ग अधिकृत नव्हता, पण होम असिस्टंटसारखी मोफत सॉफ्टवेअर वापरणारे हौशी लोक त्यावर घरातले दिवे, पडदे आणि प्रोजेक्टर एकत्र चालवत होते. सुरक्षेसाठी केलं, असं कंपनीचं म्हणणं. ओरड झाल्यावर काही दिवसांत दुसरा मार्ग उघडून दिला. पण रात्रीत झोपेत असताना आपल्याच घरातली वस्तू बदलू शकते, हे लोकांना तेव्हा कळलं.

आणि मग एप्रिल २०२१. रिमोट बनवणं बंद. मात्र ग्राहक वापरत आहेत तोवर सर्व्हर आणि कोडची यादी चालू ठेवू, असं लॉजिटेकने सांगितलं, आणि पुढची काही वर्षं हा शब्द पाळलाही गेला. इतर कंपन्यांच्या मानाने हे बरंच सभ्य वागणं होतं. तरीही ‘ग्राहक वापरत आहेत तोवर’ म्हणजे कधीपर्यंत, याची तारीख त्यात नव्हती.

शंका घ्यायला जागा होती, कारण याच लॉजिटेकची ‘पॉप’ नावाची स्मार्ट बटणं २०१६ मध्ये आली होती. भिंतीवर लावायची, दाबलं की दिवे किंवा गाणी चालू. ती १५ ऑक्टोबर २०२५ पासून निकामी करण्यात आली आणि मालकांना सूचना मिळाली जेमतेम काही आठवडे आधी. त्याच वर्षी जुलैमध्ये बेल्किनने जाहीर केलं की ‘विमो’ या त्यांच्या बहुतेक स्मार्ट प्लग आणि स्विचचा सर्व्हर ३१ जानेवारी २०२६ ला बंद होईल. विमोमध्ये एक गंमत झाली. ज्यांनी आपले प्लग ॲपलच्या होमकिटला आधीच जोडून ठेवले होते, त्यांचे प्लग पुढेही चालणार होते. वस्तू तीच, पण एकाची सेटिंग घरात होती आणि दुसऱ्याची कंपनीकडे.

यात कंपन्यांचा नुसता लोभ बघून चालणार नाही. रिमोट एकदाच विकला जातो, सर्व्हरचं बिल दर महिन्याला येतं. बाजारात दरवर्षी शेकडो नवे टीव्ही येतात, त्यांचे कोड यादीत भरायला माणसं लागतात. विक्री वाढत असते तोवर हा खर्च निघतो. विक्री थांबली की जुना ग्राहक हा कंपनीच्या वहीत फक्त खर्चाच्या बाजूला उरतो. पण मग हे विकतानाच सांगायला हवं, खोक्यावर छापायला हवं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने नोव्हेंबर २०२४ मध्ये १८४ स्मार्ट वस्तूंची पाहणी मांडली. त्यातल्या जवळपास ८९ टक्के वस्तूंच्या वेबसाइटवर सॉफ्टवेअरचा आधार किती काळ मिळेल, हे सांगितलेलंच नव्हतं.

‘प्रोन्टो’ मेला, पण त्याची भाषा जिवंत

याच धंद्यातलं दुसरं टोक बघा. फिलिप्सने १९९८ मध्ये प्रोन्टो नावाचा रिमोट आणला होता. मोठा टच स्क्रीन, त्यावर हवी तशी बटणं स्वतः मांडायची. सेटिंग करायचं सॉफ्टवेअर स्वतःच्या कॉम्प्युटरवर आणि तयार झालेली फाइलही स्वतःकडे. सोपं काम अजिबात नव्हतं. लोक शनिवार-रविवार त्यात घालवायचे आणि आपली फाइल इंटरनेटवर इतरांना द्यायचे.

२०१०च्या सुमारास फिलिप्सने या धंद्यातून अंग काढून घेतलं. पण लोकांच्या फाइली त्यांच्याकडेच राहिल्या. प्रोन्टोमध्ये इन्फ्रारेड कोड लिहायची जी पद्धत होती, चार-चार अक्षरांचे गट, ती आज पंधरा वर्षांनीही हौशी लोकांची बोलीभाषा आहे. दुसऱ्या गटात ‘००६डी’ दिसलं की ओळखायचं, हा ३८ किलोहर्ट्झचा कोड. प्रोन्टो कधी हातातही न घेतलेली माणसं त्याच्या लिपीत कोड लिहितात.

हार्मनी वापरायला कितीतरी सोपा होता. प्रोन्टो टिकायला.

आधी हे तपासा: तुम्हाला रिमोट लागतोय का?

हार्मनीचा बाजार आटण्याचं मोठं कारण हेही होतं की त्याचं काम कमी झालं. डीव्हीडी प्लेअर गेला, व्हीसीआर त्याच्याही आधी गेला. सिनेमा, मालिका, क्रिकेट सगळं एका स्टिकमध्ये किंवा टीव्हीतच आलं.

शिवाय एचडीएमआय केबलमध्ये एक सोय पहिल्यापासून आहे. तिचं नाव सीईसी. या केबलमधली एक तार फक्त उपकरणांनी एकमेकांशी बोलण्यासाठी राखलेली असते. स्टिक चालू केली की टीव्ही आपोआप चालू, इनपुट आपोआप बदललेलं, आणि टीव्हीच्याच रिमोटने साउंडबारचा आवाज कमीजास्त. इन्फ्रारेडसारखं हे एकतर्फी नाही, उपकरण उत्तर देतं.

मग ही सोय लोकांना माहीत का नाही? कारण प्रत्येक कंपनीने तिला वेगळं नाव ठेवलंय. सॅमसंगमध्ये ‘एनीनेट प्लस’, सोनीत ‘ब्राव्हिया सिंक’, एलजीत ‘सिम्पलिंक’, पॅनासोनिकमध्ये ‘व्हिएरा लिंक’, फिलिप्समध्ये ‘इझीलिंक’. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन ते चालू करा, साउंडबार ‘एआरसी’ लिहिलेल्या पोर्टला जोडा आणि आठवडाभर बघा. वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं असतील तर कधीकधी भांडतात. एक बंद केलं की दुसरं स्वतःहून जागं होतं, असले प्रकार होतात. पण टीव्ही, स्टिक आणि साउंडबार एवढंच असलेल्या घराचं काम बहुतेक वेळा इथेच भागतं. खर्च शून्य.

डीटीएचच्या अनेक रिमोटवरही टीव्हीचं पॉवर आणि आवाजाचं बटण शिकवता येतं. फायर टीव्हीच्या रिमोटला टीव्हीचा आवाज जोडता येतो. दुकानात जाण्याआधी हातातला रिमोट एकदा नीट बघावा.

तरीही घ्यायचाच असेल तर?

प्रोजेक्टर आहे, ॲम्प्लिफायर आहे, ब्ल्यू-रे प्लेअर आहे, किंवा घरात आईवडिलांना एकच बटण हवंय. अशा वेळी युनिव्हर्सल रिमोट खरंच कामाचा. पण रिमोटच्या खोक्यावरचा ‘इतक्या उपकरणांना चालतो’ हा आकडा बघून काही कळत नाही. कळतं ते आपल्या उपकरणांची यादी करून.

यादीतलं कोणतं उपकरण इन्फ्रारेडवर चालतं आणि कोणतं ब्लूटूथवर, हे आधी लिहा. फायर टीव्ही स्टिकला इन्फ्रारेड दिसतच नाही, तिचा रिमोट ब्लूटूथवर बोलतो. त्यामुळे नुसता इन्फ्रारेड असलेला युनिव्हर्सल रिमोट कितीही भारी असला तरी स्टिकपुढे मुका. ब्लूटूथ असलेला घेतला तरी बोलून शोधायचं बटण बहुतेकदा चालत नाही.

मग येतो चालू-बंदचा घोळ. काही उपकरणांना ‘फक्त चालू’ आणि ‘फक्त बंद’ असे दोन वेगळे कोड समजतात. मूळ रिमोटवर ती बटणं नसतात, पण कोड आत असतात. हे कोड टाकता येणारा रिमोट असेल तर मघाचा उलटसुलट खेळ होतच नाही. नसेल, तर एका बटणावर सगळं चालू करायचं स्वप्न थोडं बाजूला ठेवावं.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत स्वस्तातले ‘लर्निंग’ रिमोट मिळतात. मूळ रिमोट आणि हा समोरासमोर धरायचे, तिकडचं बटण दाबायचं, हा ते शिकतो. सर्व्हर नाही, खातं नाही, ॲप नाही. दोन-तीन उपकरणांना उत्तम. फक्त एसीच्या वाटेला जाऊ नये. एसीचा रिमोट प्रत्येक वेळी सगळी स्थिती एकदम पाठवतो. तापमान, मोड, पंख्याचा वेग, सगळं एका लांबलचक निरोपात. ‘एक अंश वाढव’ असा निरोप त्यात नसतोच. त्यामुळे स्वस्त रिमोटला तो एकतर शिकता येत नाही, किंवा शिकला तर उन्हाळ्यात शिकवलेलं बटण पावसाळ्यातही तेच तापमान आणि तोच वेग पाठवतं.

याच्या वरच्या किमतीत ‘वन फॉर ऑल’चे रिमोट आहेत, कोड आत भरलेले. ‘फ्लर्क’ कंपनीचा ‘स्किप’ रिमोट परदेशात राहणाऱ्यांना सहज मिळतो. त्याची सेटिंग स्वतःच्या कॉम्प्युटरवर होते आणि रिमोटमध्येच राहते, खातं लागत नाही. ब्लूटूथ मात्र नाही, म्हणजे स्टिकवाल्यांना उपयोग कमी. हार्मनीची जागा घ्यायला सर्वात जास्त धडपडलेला ब्रँड म्हणजे सोफाबॅटन. ब्लूटूथ आहे, ‘सिनेमा बघायचाय’ची सोय आहे, किंमत हार्मनीच्या भारी मॉडेलपेक्षा कमी, पण सेटिंग मोबाइल ॲपमधून. डेन्मार्कच्या ‘अनफोल्डेड सर्कल’चा रिमोट क्लाउडशिवाय घरच्या घरी चालावा अशाच हेतूने बनवलाय, मात्र किमतीत एक चांगला स्मार्टफोन येईल आणि लावायला घरात एक हौशी माणूस हवा. कंट्रोल-फोरसारख्या यंत्रणा डीलरच बसवून देतो. त्यात काही बदलायचं तर पुन्हा डीलरलाच बोलवावं लागतं.

ॲपवाला कोणताही रिमोट घेताना एक चाचणी घरीच करता येते आणि ती परत करायची मुदत संपायच्या आत करावी. सगळी सेटिंग करा. मग राउटर बंद करा, मोबाइलचा डेटा बंद करा आणि रिमोट वापरून बघा. सगळी बटणं चालली तर रोजचं काम रिमोट स्वतः करतोय. मग ॲप उघडून एखादं बटण बदलायचा प्रयत्न करा. ॲपने आधी लॉग-इन मागितलं, तर बदल करायची किल्ली कंपनीकडे आहे. असा रिमोट घेऊच नये असं नाही, पण त्याला किती पैसे मोजायचे ते त्यावरून ठरवता येतं.

कायदा काय म्हणतो?

ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडलेली वस्तू विकताना सुरक्षा अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील, हे सांगणं बंधनकारक आहे. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स कायदा डिसेंबर २०२४ मध्ये आला. त्यातली मुख्य बंधनं ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. वस्तूचं आयुष्यच कमी नसेल तर किमान पाच वर्षं आधार द्यावा लागेल. हे दोन्ही नियम सुरक्षेच्या अपडेटबद्दल आहेत. रिमोटच्या कोडची यादी त्यात येईलच असं नाही.

भारतात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ ला ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. मोबाइल, घरगुती वापराच्या टिकाऊ वस्तू, वाहनं आणि शेतीची अवजारं अशी चार क्षेत्रं त्यात धरली आहेत. दुरुस्ती कुठे होईल, सुटे भाग कुठे मिळतील, अशी माहिती तिथे एकत्र मिळावी हा हेतू. पण हार्मनी लिंकमध्ये दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतंच. तिचा प्रत्येक भाग १६ मार्च २०१८ लाही धडधाकट होता.

जुने हार्मनी सेकंडहँड बाजारात अजूनही विकले जातात आणि लोक ते घेतातही. कुणी विकत असेल आणि घ्यायचा मोह झाला, तर पैसे देण्याआधी विकणाऱ्यासमोर स्वतःच्या खात्यावर तो जोडून, एक उपकरण त्यात टाकून बघावं. बॅटरी फुगलेली नाही ना, हेही झाकण उघडून पाहावं. आणि घरच्या टीव्हीचा मूळ रिमोट फेकून देऊ नये, सेल काढून कपाटात ठेवावा.